कळीची नोंद आणि अक्षराची नोंद



लिनक्सवर लेखन-संपादन करणाऱ्यांना एकच काम अनेकदा करावे लागते: फाइल उघडायची, दोन ओळी पुसायच्या, नव्या नावाने जतन करायची. हे काम एकदा हाताने करून पुढे संगणकाकडून करवून घेता येते. 'एक्समॅक्रो' या जुन्या साधनाचा एक भाग कळा आणि माउसच्या हालचाली टिपतो, दुसरा त्या पुन्हा करून दाखवतो. 'एक्सडूटूल' काही टिपत नाही; आपण लिहून दिलेल्या आज्ञांप्रमाणे कळा दाबते.

यात नेमके काय टिपले जाते, हे मराठी लिहिणाऱ्याने समजून घ्यावे. संगणकाकडे जातो तो कळीचा क्रमांक. नेहमीच्या कळफलकावर इनस्क्रिप्ट पद्धतीने 'कमल' लिहिले, तर एक्स प्रणालीकडे 45, 54, 57 हे क्रमांक जातात. त्यांचे अक्षर कोणते, हे त्या वेळी निवडलेली मांडणी ठरवते. पुनरावृत्तीच्या वेळी इंग्रजी मांडणी चालू असेल, तर त्याच कळांतून के, सी, एन ही रोमन अक्षरे उमटतील आणि पन्नास फाइली बिघडतील.

माउसचेही तसेच. नोंद पडद्यावरच्या जागेची होते. खिडकी जरा सरकली, की क्लिक भलत्याच बटणावर पडते.

याहून गंभीर बाब म्हणजे नोंद चालू असताना टंकलेला पासवर्डही त्या फाइलीत उतरतो. एक्समध्ये एक प्रोग्राम दुसऱ्याच्या कळा वाचू शकतो. 'वेलँड' या नव्या प्रणालीने ही मुभा काढून घेतली. म्हणून जुनी साधने तिथे बहुधा चालत नाहीत. 'वायडूटूल' कर्नलच्या 'यूइनपुट' मार्गाने कळा पाठवते, पण त्याला वेगळी परवानगी द्यावी लागते. ही अडचण आपल्याच खासगीपणाच्या राखणीसाठी आहे.

तेव्हा काम निव्वळ मजकुराचे असेल, तर हाताची नक्कल करू नये. शंभर फाइलींतला एक शब्द बदलायला 'सेड'ची एक आज्ञा पुरते. ती थेट युनिकोड अक्षरांवर चालते. मांडणीचा प्रश्नच येत नाही. माउसवाचून गत्यंतर नसेल तिथेच नोंद वापरावी. मूळ फाइलींची प्रत आधी काढावी, मांडणी तपासावी, पासवर्डपूर्वी नोंद थांबवावी आणि पहिली फेरी एकाच फाइलीवर करून पाहावी. विद्यार्थ्यांना ही साधने शिकवताना ही शिस्तही सोबत शिकवावी, एवढीच विनंती.