आपल्या भाषेतला बँड



गॅदरिंगला आपला बँड फक्त इंग्रजी गाणी वाजवायचा, आठवतंय? ‘मराठीत रॉक शोभत नाही’ असं मीच ठासून सांगायचो. आज ती चूक कबूल करतो.

आइसलंड देशाची लोकसंख्या चार लाखांहून कमी, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराहूनही कमी. तिथल्या ‘सिगुर रोस’ या बँडने १९९९ साली आपल्याच भाषेत एक अल्बम काढला. शब्द न कळताही तो जगभर ऐकला गेला. यामागे मोठा आधार आहे तो तिथल्या संगीतशाळांचा. गावोगावी त्या आहेत आणि नगरपालिका त्यांना पैसे देतात. जगप्रसिद्ध गायिका ब्यर्क लहानपणी राजधानी रेक्याविकमधल्या अशाच एका शाळेत शिकली.

आपल्या शाळेतली पेटी आणि तबला कपाटात पडून आहेत. मेळाव्याच्या निधीतून संगीत शिक्षक नेमूया. मुलं गिटार वाजवोत की ढोलकी, पण गाणी त्यांची स्वतःची असू देत.

त्या अल्बमच्या नावाचा अर्थ आहे, ‘चांगली सुरुवात’. आपणही ती करू. पहिले ५,००० रुपये माझे.