जुन्या मोटार-सायकलची ठिणगी

घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे येणारा-जाणारा प्रत्येक जण जसें एकेक औषध सुचवून जातो, तशीच जुनी मोटार-सायकल रस्त्यांत बंद पडली म्हणजे तिची गत होते. एक म्हणतो प्लग बदला, दुसरा म्हणतो कॉइल गेली, तिसरा बॅटरीला दोष देतो. आणि धनी बिचारा प्रत्येकाचा मान राखून एकेक वस्तु विकत आणतो. गांठीचे पैसे जातात आणि गाडी मात्र होती तेथेंच उभी राहते. निदान न करतां औषध देणाऱ्या वैद्याला शहाणा मनुष्य थारा देत नाहीं. यंत्राच्या बाबतींत मात्र हा प्रकार राजरोस चालतो.

पुण्यांतील एका गृहस्थांकडे त्यांच्या वडिलांनीं 1992 सालीं घेतलेली बुलेट होती. वडील निवर्तल्यावर ती विकून टाकावी असें घरांत सर्वांचें मत पडलें. परंतु चिरंजिवांचा जीव तिच्यांत गुंतलेला. ही गाडी सकाळीं पहिल्याच लाथेसरशी सुरू होई, दहा-बारा किलोमीटर सुरेख चाले, आणि एंजिन चांगलें तापलें कीं एकाएकीं मुकी होई. अर्धा तास सावलींत विसावली म्हणजे जणूं कांहींच झालें नाहीं अशा थाटांत पुन्हा चालूं लागे. पहिल्यानें नवा प्लग आला, मग नवी बॅटरी, मग नवी कॉइल. गुण आला नाहीं. अखेर एके दिवशीं कात्रजच्या जुन्या घाटांत, ऐन तिन्हीसांजेस, मागें पत्नी बसलेली असतांना, गाडी वळणावरच थांबली. मागून मालमोटारी येत होत्या. त्या रात्रीं 'आतां ही भंगारांत द्या' असा निकाल घरांत झाला. गृहस्थांनीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठ दिवसांत त्यांनीं काय केलें तें समजण्यास ठिणगी कशी पडते हें जाणणें अवश्य आहे. वेटोळ्याजवळील चुंबकक्षेत्र बदललें म्हणजे वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते, हें मायकेल फॅरेडे यांनीं 1831 सालीं दाखवून दिलें. कॉइल ही त्याच तत्त्वाची संतति. तिच्यांत दोन वेटोळीं असतात. एक जाड तारेचें व थोड्या फेऱ्यांचें, दुसरें केसासारख्या बारीक तारेचें व हजारों फेऱ्यांचें. बॅटरीचा 12 व्होल्टचा प्रवाह किल्लींतून जाड वेटोळ्यांत शिरतो, तेथून पॉइंट नांवाच्या दोन लहानशा धातूच्या टिकल्यांवाटे एंजिनच्या अंगांत उतरतो आणि बॅटरीकडे परततो. ह्या टिकल्या फांकल्या कीं वाट तुटते, चुंबकक्षेत्र क्षणांत कोसळतें, आणि बारीक वेटोळ्यांत हजारों व्होल्टांचा दाब निर्माण होऊन प्लगच्या टोंकाशीं ठिणगी उडते. एंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असलें तर हा खेळ दर सेकंदास पंचवीस वेळां होतो. गाडी कधीं बंद पडते यापेक्षां ती चालते कशी याचेंच खरें म्हणजे नवल वाटावें!

आतां ह्या बुलेटला एक गुण असा कीं, तिच्या दिव्याच्या टोपीवर एक चिमुकला अँमीटर बसविलेला असतो. पुष्कळ लोक त्यास शोभेची वस्तु समजतात. वास्तविक नाडी पाहण्याची सोय म्हणून त्याच्याकडे पाहावें. दिवे मालवून किल्ली फिरवावी, डीकॉम्प्रेसरची खुंटी ओढून किक हळूहळू खालीं दाबीत जावी, आणि दृष्टि कांट्यावर ठेवावी. टिकल्या मिटल्या कीं कांटा उण्या बाजूस थोडा सरकतो. त्या उघडल्या कीं तो मध्यावर परततो. असा तो डोलत असेल तर बॅटरी, किल्ली, जाड वेटोळें आणि पॉइंट हीं सर्व ठीक समजावीं, आणि दोष बारीक वेटोळें, कंडेन्सर, प्लगची जाड तार किंवा प्लग यांत शोधावा. कांटा उण्या बाजूसच खिळून राहिला तर टिकल्या उघडत नाहींत, अथवा एखादी तार उघडी पडून धातूला टेकली आहे. आणि तो मध्यावरून हाललाच नाहीं तर कोठें तरी वाट तुटलेली आहे, किंवा टिकल्यांवर तेल वा काजळी बसली आहे.

गृहस्थांनीं गाडी मुद्दाम तापवून बंद पडूं दिली व तेथेंच ही परीक्षा केली. कांटा मुळींच हालला नाहीं. म्हणजे प्लगवर केलेला खर्च व्यर्थ होता हें त्याच क्षणीं सिद्ध झालें! मग त्यांनीं दोन तारा जोडलेला एक लहान बल्ब घेतला, त्याचें एक टोंक एंजिनला लावलें आणि दुसऱ्यानें प्रवाहाच्या मार्गावर चौकी बसवीत ते पुढें सरकले. कॉइलच्या अलीकडच्या खुंटीवर बल्ब लागला. अर्थात् तेथपर्यंत किल्ली व फ्यूज निर्दोष. टिकल्यांमध्यें कोऱ्या कागदाची घडी घालून त्यांनीं कॉइलच्या पलीकडच्या खुंटीवर टोंक टेकविलें. तेथेंही बल्ब लागला, म्हणजे जाड वेटोळें अखंड. पुढची चौकी टिकलीच्या हालत्या बाहूवर. तेथें अंधार. या दोन चौक्यांमध्यें उरली ती वीतभर तार. ती बोटांत वांकवून पाहतां एके जागीं चिंधीसारखी मऊ लागली. वरचें आवरण शाबूत होतें. आंतील तांबें मात्र एका सिलिंडरच्या हादऱ्यांनीं तुटून गेलें होतें. गार असतांना तुटलेलीं टोकें एकमेकांस टेकून राहत. उष्णतेनें आवरण सैल पडलें कीं फारकत होई. भंगाराची शिक्षा झाली होती ती अशा वीतभर तारेसाठीं.

प्रत्येक गाडीचा रोग हाच असेल असें अर्थातच नाहीं. तापल्यावर कंडेन्सरही दगा देतो. टिकल्यांमध्यें मोठी ठिणगी दिसूं लागली आणि त्या वरचेवर जळूं लागल्या तर संशय त्याच्यावर घ्यावा. टिकल्या पूर्ण उघडल्या असतांना त्यांच्यांतील अंतर बुलेटमध्यें 0.35 ते 0.40 मिलिमीटर असावें. पावसाळ्यानंतर बॅटरीची धातूला जोडलेली तार काढून गंज घांसून टाकावा. पुष्कळ वेळां 'बॅटरी मेली' या ओरडीच्या मुळाशीं एवढेंच असतें. प्लगचें टोंक फिकट तपकिरी असावें. कोरडी काजळी दिसल्यास पेट्रोल अधिक जात आहे असें समजून कार्ब्युरेटरकडे वळावें.

दोन गोष्टींची सावधगिरी मात्र अवश्य आहे. ठिणगी पाहण्यासाठीं काढलेला प्लग एंजिनच्या धातूला नीट टेकवून ठेवावा, पण उघड्या छिद्रापासून दूर. त्यांतून पेट्रोलची वाफ येते आणि ती पेटते. तसेंच एंजिन बंद असतां किल्ली चालू ठेवून चहाला जाऊं नये. टिकल्या मिटलेल्या असल्यास कॉइल आंतल्या आंत भाजत राहते.

आठव्या दिवशीं गृहस्थांनीं नवी तार जोडली, वडिलांच्या वेळची जुनी कॉइल पुन्हा गाडीवर चढविली आणि ते कात्रजचा घाट चढून परत आले. पत्नी त्या फेरीस गेली नाहीं. ती पुढच्या रविवारीं गेली. नवी कॉइल अद्याप कपाटांत पडून आहे, आणि तो दोन तारांचा बल्ब बुलेटच्या हत्यारांच्या पेटींत कायमचा राहावयास गेला आहे.