चुंबकाची साक्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गाडीचे ऑइल बदलायला आपण गॅरेजमध्ये जातो. मेकॅनिक गाडीखाली शिरतो, चेंबरच्या तळाचा एक बोल्ट सैल करतो आणि काळेभोर ऑइल खालच्या डब्यात पडू लागते. आपण त्या वेळी बहुधा समोरच्या टपरीवर चहा घेत असतो. ऑइल निथळले की तो बोल्ट पुसून पुन्हा बसवला जातो, वरून नवे ऑइल ओतले जाते, बिल होते आणि आपण मार्गाला लागतो. या बोल्टाला ड्रेन प्लग म्हणतात. गॅरेजमध्ये कुणी त्याला ड्रेन नट म्हणते, कुणी चेंबरचा बोल्ट. काही गाड्यांत या बोल्टाच्या आतल्या टोकाला एक छोटा चुंबक बसवलेला असतो. ज्यांत नसतो, त्यांच्यासाठी तो बाजारात वेगळा मिळतो. हा चुंबक लावला की इंजिनाचे आयुष्य दुप्पट होते, असेही कुणी कुणी सांगतात. त्यात खरे किती, हे आज पाहू.

आधी इंजिनाच्या आत काय चालते ते समजून घेऊ. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर क्रँक सेकंदाला पन्नास वेळा फिरतो आणि प्रत्येक पिस्टन पन्नास वेळा खालीवर होतो. एवढ्या धावपळीत धातूला धातू घासू नये म्हणून मध्ये ऑइलचा पातळ थर असतो. क्रँक आणि त्याचे बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक असते. तरी थोडी झीज ही होतेच. पिस्टनच्या रिंगा, बिडाचे बोअर, पोलादी कॅम, साखळी यांच्यापासून सूक्ष्म कण सुटतात, ऑइलमध्ये मिसळतात आणि ऑइलबरोबर फिरू लागतात. त्या बारीक फटीत एखादा कठीण कण शिरला, की तो तिथे ओरखडे काढतो. ओरखड्यातून नवे कण सुटतात. कर्जाच्या व्याजावर व्याज चढावे, तसा हा प्रकार असतो.

हे कण अडवायला ऑइल फिल्टर असतो. तळाच्या चेंबरमधून पंप ऑइल वर ओढतो, ते फिल्टरमधून जाते आणि मग सगळीकडे पोहोचते. पण या व्यवस्थेत दोन फटी आहेत. एक तर पंप हा फिल्टरच्या अलीकडे असतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला न गाळलेलेच ऑइल येते. दुसरे म्हणजे फिल्टरमध्ये एक झडप असते. थंडीच्या पहाटे ऑइल घट्ट झाले किंवा फिल्टर तुंबला, तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून ही झडप उघडते आणि ऑइल न गाळताच पुढे जाते. कोरड्या इंजिनापेक्षा मळके ऑइल बरे, असा त्यामागचा हिशेब. तळाशी बसलेला चुंबक नेमका इथे उपयोगी पडतो. जवळून जाणारे लोखंडाचे कण तो धरतो आणि पुढच्या ऑइल बदलापर्यंत सोडत नाही.

मग सगळ्यांनी तो लावावा का? थांबा. चुंबकाला ओढता येते ते लोखंड आणि पोलाद. आजच्या इंजिनांत पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात. बेअरिंगच्या वरच्या मऊ थरात ॲल्युमिनियम, तांबे, कथील किंवा शिसे असते. यातले काहीही चुंबकाला चिकटत नाही. आपल्या रस्त्यांवरची धूळ तर मुळीच नाही, आणि या धुळीतली वाळू लोखंडाहून कठीण असते. ती एअर फिल्टरच्या वाटेने आत येते. म्हणजे महागडा चुंबक लावायचा आणि एअर फिल्टर वर्षानुवर्षे बदलायचा नाही, हे घराला भक्कम कुलूप लावून मागचे दार उघडे टाकण्यासारखे झाले. जुन्या ऑइलमधली काजळी, आम्ल, पाणी यांवरही चुंबकाचा इलाज नाही. त्यावर उपाय एकच, ऑइल वेळेवर बदलणे.

तर मग चुंबकाचा खरा उपयोग कोणता? तो साक्ष देतो. इंजिन न उघडता आत काय चालले आहे, याची थोडी खबर तो आणतो. विमानांच्या इंजिनांत आणि हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये याच कामासाठी चुंबक बसवतात. त्यावर कण जमले की काही यंत्रांत वैमानिकासमोर दिवाही लागतो. पण ही साक्ष कशी ऐकावी आणि तिच्यावर किती विसंबावे, हे दोन दुर्घटनांनी जगाला शिकवले.

१ एप्रिल २००९ रोजी सुपर प्युमा जातीचे एक हेलिकॉप्टर उत्तर समुद्रातल्या तेलविहिरीवरून कामगारांना घेऊन स्कॉटलंडमधील ॲबर्डीनला परतत होते. मुख्य गिअरबॉक्समधले एक दातेरी चाक तुटले, हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि त्यातले सगळे, १६ जण, मृत्युमुखी पडले. चौकशीत दिसले ते असे. आठवडाभर आधी, २५ मार्चला, त्याच गिअरबॉक्सच्या चुंबकावर धातूचा एक कण सापडला होता. पण ही चाक खराब होत असल्याची खूण आहे, हे ओळखले गेले नाही. त्यानंतरच्या दिवसांत दुसरी कोणतीही सूचना मिळाली नाही. चुंबक बोलला होता, पण त्याचे बोलणे समजले नव्हते.

पुढे २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ त्याच कुळातले दुसरे हेलिकॉप्टर कोसळले आणि १३ जण गेले. कारण तेच, गिअरबॉक्समधल्या तशाच चाकाला गेलेला तडा. या खेपेला मात्र कण टिपणाऱ्या यंत्रणेने काहीच इशारा दिला नव्हता. तडा धातूच्या आतून वाढत गेला. चुंबक गप्प राहिला, म्हणून सारे ठीक होते असे नव्हे.

मोटारीत सुदैवाने आपण जमिनीवर असतो. इंजिन बसले तर गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहते. पण टॅक्सी किंवा टेम्पोवर ज्याचे घर चालते, त्याला विचारा. इंजिन उतरवून काम करायचे म्हणजे हजारो रुपये जातातच, शिवाय गाडी कितीतरी दिवस उभी राहते आणि बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नाही. दोन-तीन महिने आधी खबर लागली असती, तर कदाचित थोडक्यात भागले असते. म्हणून ही साक्ष वाचायला शिकावे.

ऑइल बदलताना बोल्ट पुसण्याआधी मागून घ्या. चुंबकावर काजळासारखा मऊ, करडा लेप असेल आणि तो चिमटीत चोळल्यावर मलमासारखा पसरत असेल, तर काळजी नको. ती रोजची झीज आहे. नव्या गाडीच्या पहिल्या ऑइलमध्ये तो जरा जास्तच दिसतो, कारण भाग एकमेकांत रुळत असतात. पण बोटाला टोचणारे कण, सुईसारखे तुकडे किंवा पापुद्रे दिसले, तर मेकॅनिकला ऑइलचे प्रेशर तपासायला सांगा आणि लांबचा प्रवास तूर्त पुढे ढकला. निथळलेले ऑइलही उन्हात धरून पाहा. त्यात चंदेरी किंवा तांबूस चकाकी दिसली, तर ती चुंबकाला न चिकटणाऱ्या धातूची असू शकते. एकदा पाहून फारसे कळत नाही, मागच्या वेळेशी तुलना केली की कळते. मोबाइलवर फोटो काढून तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले, की काम झाले.

चुंबकाचा बोल्ट विकत घ्यायचा असेल, तर तीन गोष्टी सांभाळा. आटे आपल्या गाडीचेच हवेत. चेंबर पुष्कळदा ॲल्युमिनियमचे असते. चुकीचा बोल्ट जोर लावून पिळला, तर आटे जातात आणि सगळे ऑइल रस्त्यावर सांडते. वॉशर दर वेळी नवा टाका. दुसरे, चुंबक नुसता चिकटवलेला नसावा आणि फार लांबही नसावा. तो आत सुटून पडला किंवा ऑइल ओढणाऱ्या जाळीला लागला, तर औषधच आजार होऊन बसेल. तिसरे, तो उष्णता सोसणारा असावा. चालत्या गाडीत ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापते आणि साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ऐंशी अंशांच्या पुढे आपली ताकद गमावू लागतात.

आणखी एक. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सला आणि मागच्या डिफरन्शियलला बहुधा फिल्टरच नसतो. बहुतेक मोटारसायकलींत तर इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात, त्यामुळे दात्यांचा चुराही त्यातच येतो. अशा ठिकाणी चुंबकाला इंजिनापेक्षाही जास्त काम असते.

थोडक्यात सांगायचे, तर इंजिनाचे रक्षण वेळेवर बदललेले ऑइल, चांगला फिल्टर आणि स्वच्छ एअर फिल्टर करतात. चुंबक त्यांना थोडा हातभार लावतो आणि तुम्हाला खबर देतो. ती खबर घ्यायला मात्र आपल्यालाच जावे लागते. पुढच्या खेपेला ऑइल बदलायला जाल, तेव्हा चहा पाच मिनिटे उशिरा घ्या. गाडीजवळ उभे राहा आणि मेकॅनिकला म्हणा, ‘दादा, तो बोल्ट पुसू नका, आधी मला बघू द्या.’