सबनॉर्मलांचा कैवार



६४ बिटांच्या फ्लोटिंग पॉइंट संख्येत एक बिट चिन्हासाठी, ११ घातांकासाठी आणि ५२ अपूर्णांशासाठी राखलेले असतात हे आपणांस विदित आहेच; तेव्हा त्यात वेळ न दवडता, सी भाषेच्या १९९९ च्या मानकाने गणिताच्या लायब्ररीत जी ‘एफपीक्लासिफाय’ नामक सोय करून दिली तिच्याकडेच मी वळतो. दिलेली संख्या नॅन, अनंत, शून्य, सबनॉर्मल आणि नॉर्मल यांपैकी कोणत्या वर्गात मोडते एवढाच दाखला ती देते. पुढच्या रांगेतील तरुण अभियंते हसताहेत. त्यांच्या लेखी हे क्वचित लागणारे दप्तरकाम असावे. मी मात्र सबनॉर्मल या उपेक्षित वर्गाची वकिली केल्यावाचून खाली बसणार नाही. (हशा)

सर्वांत लहान धन नॉर्मल संख्या म्हणजे २ चा −१०२२ वा घात. तिच्याखाली एकदम शून्य मांडले, तर दोन भिन्न संख्यांची वजाबाकीही शून्य येऊ शकते, आणि त्या समान नाहीत अशी आधी खातरजमा करून मगच त्यांच्या अंतराने भागणारा सावध गृहस्थसुद्धा शून्याने भागण्याच्या आपत्तीत सापडतो. आण्याखालची रक्कम खतावणीतून सर्रास उडवणाऱ्या दिवाणजीस कोणता सावकार ठेवून घेईल? सबनॉर्मल संख्या घातांकाचे सारे बिट शून्य ठेवून २ च्या −१०७४ व्या घातापर्यंत खाली उतरतात. अचूकता क्षीण होत जाते, पण भिन्न संख्यांतील अंतर नाहीसे होत नाही.

हे सुखासुखी मान्य झाले नाही. बर्कलीचे विल्यम कहान यांनी कूनन आणि स्टोन यांच्यासह आयईईईच्या समितीपुढे ठेवलेल्या फ्लोटिंग पॉइंट मानकाच्या मसुद्यातील नेमक्या याच कलमास डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनची सक्त हरकत होती. तिच्या व्हॅक्स यंत्रांत ही तजवीज नव्हती. शेवटी कंपनीनेच जी. डब्ल्यू. स्ट्युअर्ट या नामांकित विश्लेषकास अभिप्रायासाठी पाचारण केले, आणि १९८१ मध्ये बोस्टनच्या बैठकीत त्यांनी आपला कौल दिला तो कहान यांच्या पक्षाला! (टाळ्या) ती तजवीज असलेली इंटेलची ८०८७ ही गणिती चिप तर १९८० मध्येच बाजारात आली होती. मानक मंजूर झाले १९८५ मध्ये. कहान यांना १९८९ चे ट्युरिंग पारितोषिक लाभले. आणि त्या बैठकांतील वादावादीविषयी तर मी तासभर बोलू शकेन, परंतु चिटणीसांची चिठ्ठी आलेली दिसते.

‘आणि वेग?’ असे मागून कोणी विचारले. कबूल, पुष्कळ प्रोसेसरांवर सबनॉर्मलांचे गणित मंद चालते, आणि जेथे ध्वनीची प्रक्रिया तत्क्षणी व्हावी लागते तेथे कोणी जाणूनबुजून त्यांना शून्य केले तर माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती न वाचता दिलेल्या हुकमाची. जीसीसीला ‘फास्ट-मॅथ’ची आज्ञा केली की नॅन आणि अनंत अस्तित्वातच नाहीत असे कंपायलरने गृहीत धरावे अशी मुभा त्याला मिळते, आणि ‘ही संख्या नॅन आहे काय’ या प्रश्नाचे उत्तर संख्येकडे न पाहताच ‘नाही’ असे ठरू शकते. मग वर्गवारी कशाची करणार?

अध्यक्षांचा हात घंटीकडे गेला आहे. नॅन स्वतःशीही समान का नसतो हा विषय त्यामुळे राहिला. ऋण शून्याविषयी मात्र एवढेच सांगतो, की एफपीक्लासिफाय त्यास धन शून्याच्याच वर्गात घालते आणि चिन्ह हवे असल्यास ‘साइनबिट’कडे वेगळी चौकशी करावी लागते.