थोरल्याचा वाटा
(पिंप्राळा येथील मेळाव्यातील भाषण)



बारशाच्या घरी आपली पावले पाळण्याकडे वळतात. दाराआड उभ्या असलेल्या दोन वर्षांच्या थोरल्याला मात्र आपण हसत म्हणतो, "आता आई बाळाची हो!" आपल्याला तो विनोद; त्या कोवळ्या जिवाला तो निवाडाच वाटतो.

गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनी अंगावरचे तुटलेली, केवळ मक्याच्या पेजेवर राहिलेली मुले सुजून दगावताना पाहिली. तेथील गा भाषेत या दुखण्याला 'क्वाशिओरकॉर' म्हणत. धाकटे जन्मले म्हणजे थोरल्याला जडणारा रोग, असा त्याचा आशय. १९३५ साली त्यांनी तेच नाव वैद्यकात रूढ केले. कारण त्या आयांनी नावातच सांगून ठेवले होते!

आपल्याकडेही बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळले जातात, ते योग्यच. पण थोरल्याच्या ताटात कोरडी भाकर नसावी. त्यास घट्ट वरण, दूध, दाण्याचे कूट मिळावे. तो अंगावर पीत असल्यास एकाएकी तोडू नये. मात्र पहिल्या दिवसांचा चीक आधी तान्ह्याला.

आमच्या नातीच्या जन्मानंतर थोरला नातू पुन्हा अंथरूण ओले करू लागला. सून रागे भरे. आषाढी एकादशीस मी त्याला खांद्यावर घेऊन येथला रथ दाखविला. परतताच सुनेने बाळ माझ्या हाती दिले व त्याला मांडीवर घेतले. तो काहीच बोलला नाही; तेथेच झोपी गेला.