सुखाचा पायमोजा



बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्याखालून राजघाटाच्या पायऱ्या तापीच्या पात्रात उतरतात. या गावाचा संसारच मुळी सुतावर आणि रंगावर उभा राहिला. सतराव्या शतकात इकडून गेलेल्या टॅव्हर्निअर या फ्रेंच जवाहिऱ्याने येथील तलम मलमलींचे वर्णन करून ठेवले आहे. त्यांपैकी काही नाना रंगांत रंगवलेल्या असत, आणि हा माल इराण, तुर्कस्तान, पोलंड, अरबस्तान व कैरोपर्यंत जाई. आज येथे यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. अशा गावातून आपल्याशी बोलताना मी विषय मात्र अगदी लहान निवडला आहे. तो म्हणजे हाताने रंगवलेल्या धाग्याचा, हाताने विणलेला साधा पायमोजा.

मोजा म्हणजे थंड देशांतील लोकरीची वस्तू, असा आपला समज असतो. तो सर्वस्वी खरा नाही. सुयांनी टाके घालून विणलेले जे सर्वांत जुने मोजे आज उपलब्ध आहेत, ते इजिप्तमधले असून त्यांतील कित्येक निळ्या-पांढऱ्या सुती धाग्याचे आहेत. तेव्हा मोजा हा उन्हाच्या देशालाही परका नव्हे. धाग्याची निवड मात्र विचाराने करावी. आपल्याकडील घोंगडीची लोकर टिकाऊ खरी, पण पायाला बोचते. सूत मऊ असते, पण ताणले जात नाही आणि घाम धरून ठेवते. म्हणून नवशिक्याने मऊ, बारीक, पांढरी लोकर घ्यावी. एका जोडीला साधारण १०० ग्रॅम पुरते.

आता रंगाकडे वळू. निमाड-खानदेशात पूर्वी आल नावाच्या झुडपाच्या, म्हणजे बारतोंडीच्या, मुळ्यांपासून तांबडा रंग काढीत. १८६८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरीन हे तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत तयार केले, आणि पुढे अशा कारखानी रंगांपुढे मुळ्यांचा धंदा टिकला नाही. तरी घरच्या पातेल्यात एखादी लड रंगवण्यास कोणाची आडकाठी नाही. १०० ग्रॅम लोकरीला १० ते १५ ग्रॅम तुरटी घ्यावी. तुरटीच्या पाण्यात ओली लड तासभर मंद आचेवर ठेवावी. मग वजनाला वजन वाळलेल्या डाळिंबसालीचा काढा गाळून त्यात ती तितकाच वेळ राहू द्यावी. मोहरीसारखा पिवळा रंग येतो. लड जागोजागी सैल बांधावी, नाहीतर ती गुंतते. फार आवळली तर गाठीखाली पांढरे पट्टे राहतात. पाणी खळखळू देऊ नये आणि गरम लड एकदम गार पाण्यात टाकू नये, कारण तसे केल्याने लोकर आटून घट्ट होते. शेवटी पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. हळदीचा रंग पटकन चढतो, पण उन्हात तितक्याच पटकन उडतो, हेही ध्यानात असू द्यावे.

असा रंग कधीच एकसारखा बसत नाही. एका हातावर गडद, पुढच्या हातावर फिका, असा तो वाहत जातो. पुष्कळांना हा दोष वाटतो. माझ्या मते हेच त्याचे भाग्य आहे. शाळेत मुली विणकाम शिकू लागल्या की पहिल्याच दिवशी त्यांना फुले आणि नक्षी हवी असते. दोन रंगांची नक्षी विणताना न वापरलेला धागा मोज्याच्या आतल्या अंगाने ओढत न्यावा लागतो. त्यात बोटे अडकतात आणि कातडी घासते. हातरंगाच्या लोकरीत एकाच धाग्यातून अनेक छटा मिळतात आणि आतली बाजू मात्र गुळगुळीत राहते. म्हणून अशा लोकरीला साधा सुलट टाकाच शोभतो.

विणण्याचे गणित पायावरून मांडावे, पुस्तकावरून नव्हे. चवड्याचा घेर २२ सेंटिमीटर असेल, तर मोजा २० चा करावा, म्हणजे तो अंगाबरोबर बसतो. एका सेंटिमीटरात ३ टाके बसत असतील, तर ६० टाके झाले. ते चार सुयांवर १५-१५ वाटून पाचव्या सुईने गोल विणावे. वरचा काठ दोन सुलट, दोन उलट असा करावा आणि टाके सैल घालावेत. मागच्या ३० टाक्यांवर ३० ओळींची टाचेची पट्टी विणावी. मग कडेचे टाके एकेक करून आत घेत वाटीसारखी टाच वळवावी. पट्टीच्या दोन्ही कडांवरून टाके उचलून ते पुन्हा हळूहळू ६० वर आणावेत. बोटांपाशी चारी कोपऱ्यांत कमी करीत जाऊन उरलेले टाके सुईने समोरासमोर जोडावेत. म्हणजे तेथे शिवण राहत नाही.

या शिवणीचे महत्त्व निरोगी तरुणाला समजणार नाही. पण ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने मंदावली आहे, त्यांना बोटावर घासणारी कड कळतच नाही. फोड येतो, तो फुटतो, आणि जखम चिघळेपर्यंत घरात कोणाला पत्ता लागत नाही. अशा पायांना काठ न आवळणारा, गाठ व शिवण नसलेला मोजा हवा. रंगही फिका हवा, म्हणजे रक्ताचा किंवा पाण्याचा डाग तत्काळ दिसतो. डाळिंबसालीचा पिवळा येथे किती उपयोगी पडतो पाहा! मोजा काही औषध नव्हे. तो रोज धुतलेला घालावा, रोज तळवे पाहावेत आणि जखम दिसताच वैद्यांना दाखवावी.

पाय हा शरीराचा सर्वांत दुर्लक्षित सेवक. प्रभू येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, ते उगाच नव्हे. ज्याच्यासाठी मोजा विणायचा, त्याचा पाय आधी हातात घ्यावा लागतो, मापावा लागतो, कुठे दुखते ते विचारावे लागते. बाजारातला मोजा स्वस्त मिळतो, चांगलाही मिळतो. परंतु ही विचारपूस त्याच्या किमतीत येत नाही. येत्या हिवाळ्यापूर्वी घरातल्या एखाद्या वृद्ध पायाचे माप आपण अवश्य घ्यावे, एवढीच विनंती.