बाटलीवरचा आकडा वाचलात का?

वाणगावात रात्री अकराला बाळ तापलं की आपण फ्रिजवरची जुनी बाटली काढतो. थांबा, टॉर्च मारून लेबल वाचा. पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं मिळतं, २५०चंही. म्हणजे चमचा तोच, औषध दुप्पट! किलोमागे १५ मिलिग्रॅम धरलं तर १० किलोच्या बाळाला २५०चं ३ मिली, १२०चं ६. पुढचा डोस चार ते सहा तासांनी, दिवसात चारच. गोधडी काढा, पेज-पाणी पाजा. पावसाळ्यात ताप उतरला तरी रक्त तपासायचंच, इकडे मलेरिया असतो. आणि हो, तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं, किंवा कुठल्याही मुलाला झटके आले, काही पीतच नसेल, तर सकाळच्या लोकलची वाट बघू नका. १०८ लावा.